अटलांटाचा उन्हाळा आणि पोरांचं बेसबॉल : रेक, ऑल-स्टार की ट्रॅव्हल टीम?

मे महिना उजाडला की अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर एक फोटो हमखास येतो. डोक्यावर हेल्मेट, हातात बॅट, अंगात नंबरची जर्सी आणि खाली ओळ : ‘सिलेक्ट टीममध्ये निवड झाली!’ इकडे आजी-आजोबा अभिनंदनाचे हात जोडतात. आपणही एक लाइक ठोकतो. पण ही ‘सिलेक्ट टीम’ म्हणजे नेमकं काय? जिल्हा संघ? शाळेचा संघ? की पैसे भरून मिळणारी जागा?

खरं उत्तर असं की, या तिन्हींपैकी काहीही असू शकतं. अमेरिकेत पोरांच्या बेसबॉलवर एकाच संघटनेचा ताबा नाही. एका शहरात पाच-सात वेगवेगळे कारखाने चालतात आणि प्रत्येकाचे नियम निराळे. त्यामुळे आईबापांची पहिली दोन वर्षं नुसतं समजून घेण्यातच जातात. हा गोंधळ जिथे सगळ्यात दाट आहे असं एक शहर घेऊन आपण तो सोडवू. शहर अटलांटा, राज्य जॉर्जिया. अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग या उत्तरेकडच्या उपनगरांत मराठी घरंही बरीच आहेत, त्यामुळे हा प्रश्न तिथल्या स्वयंपाकघरांत अगदी मराठीत चर्चिला जातो.

अटलांटाच का?

हवामान हे पहिलं कारण. फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत इथे मैदानावर उतरता येतं. शिकागो-बोस्टनची पोरं बर्फ वितळायची वाट बघत असतात, तेव्हा इथली पोरं निम्मा मोसम खेळून मोकळी झालेली असतात.

दुसरं कारण म्हणजे इंटरस्टेट ७५ हा रस्ता. शहराच्या वायव्येला याच रस्त्यालगतच्या भागात मॅरिएटा नावाचं गाव आहे, कॉब काउंटीत. इथल्या ईस्ट मॅरिएटा नॅशनल लिटल लीगच्या पोरांनी १९८३ साली लिटल लीग वर्ल्ड सिरीज जिंकली होती. पुढे याच परिसरात ईस्ट कॉब बेसबॉल हे नाव इतकं मोठं झालं की देशभरातले प्रशिक्षक ते ओळखू लागले. ब्रायन मॅकॅन, जेफ फ्रँकोर, जेसन हेवर्ड हे पुढे अटलांटा ब्रेव्ह्जकडून खेळलेले तिघंही ईस्ट कॉबच्या संघांतून आलेले. त्यातला हेवर्ड मॅकडोनाचा, म्हणजे शहराच्या पार दक्षिणेचा. मॅकडोना ते मॅरिएटा हे अंतर साधारण ८० किलोमीटर आणि मध्ये अख्खं अटलांटा. ५ एप्रिल २०१० रोजी मेजर लीगमधल्या आपल्या पहिल्याच फलंदाजीत त्याने होमरन मारला, हे सगळ्यांना आठवतं. त्याआधीचं गाडीतलं बसणं कुणाला आठवत नाही.

आणखी उत्तरेला, डाउनटाउनपासून सुमारे ६५ किलोमीटरवर एमर्सन गावात २०१४ साली लेकपॉइंट हे क्रीडासंकुल उभं राहिलं. कृत्रिम गवताची, मेजर लीगच्या मापाची मैदानं, एकाला लागून एक. सुरुवातीची वर्षं ‘परफेक्ट गेम’ या कंपनीच्या मोठ्या स्पर्धांचं घर हेच होतं, पुढे तिथे ‘प्रेप बेसबॉल’चा जम बसला. जूनच्या शेवटी आणि जुलैत देशभरातून शेकडो संघ या टापूत उतरतात. आझाद मैदानावर एकाच वेळी वीस सामने चालू असतात ना, तसं दृश्य. फक्त इथे आत शिरायला पालकांना तिकीट काढावं लागतं.

सगळ्यात साधा मार्ग : रेक

रेक म्हणजे रिक्रिएशनल. काउंटीच्या पार्कात, शेजारपाजारच्या पोरांबरोबर, कुणाच्या तरी बाबांच्या कोचिंगखाली. फोरसाइथ, कॉब, चेरोकी, ग्विनेट या सगळ्या काउंट्यांत पार्कनिहाय अशा लीग आहेत. अटलांटा शहरात चॅस्टेन पार्कमधली नॉर्थसाइड यूथ ऑर्गनायझेशन ही त्यातली जुनी. फी शे-दोनशे डॉलरच्या घरात, सराव आठवड्यातून एक-दोनदा, प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा.

इथे महत्त्वाचा नियम म्हणजे प्रत्येक पोराला खेळवावंच लागतं. लिटल लीगच्या नियमांत तर हे लिहूनच ठेवलंय : नेहमीच्या मोसमात प्रत्येक खेळाडूला क्षेत्ररक्षणात किमान सलग सहा आउट होईपर्यंत उभं करायचं आणि किमान एकदा बॅटिंग द्यायची. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण हाच नियम पुढच्या पायरीवर गायब होतो आणि तिथूनच पालकांच्या तक्रारी सुरू होतात.

एक गैरसमज इथेच दूर करू. अमेरिकेतलं पोरांचं बेसबॉल म्हणजे लिटल लीग, असं आपण सिनेमे बघून धरून चालतो. लिटल लीग ही १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये सुरू झालेली एक संस्था आहे, सगळ्यात प्रसिद्ध, पण एकमेव नाही. अटलांटाच्या आसपासची अनेक पार्क्स ‘डिझी डीन’ या दुसऱ्याच संस्थेच्या झेंड्याखाली खेळतात. हे नाव १९३४ साली मोसमात ३० सामने जिंकणाऱ्या पिचरचं. म्हणजे तुमच्या पोराचं पार्क लिटल लीगचं नसेल, तर टीव्हीवर दिसणाऱ्या त्या वर्ल्ड सिरीजचा रस्ता त्याच्यासाठी मुळात उघडाच नाही. घर घेताना शाळा बघतात, पार्कची संस्था कोण बघतो!

ऑल-स्टार : उन्हाळ्यातला खरा मधला मार्ग

रेकचा वसंत मोसम मेमध्ये संपतो. जॉर्जियातल्या शाळाही मेअखेरीस सुटतात. मग पार्कमधल्या सगळ्या संघांतून दहा-बारा चांगली पोरं निवडून एक संघ बनतो आणि जूनभर इतर पार्कांच्या संघांशी खेळतो. हा ऑल-स्टार संघ.

लिटल लीगमध्ये ही शिडी जिल्हा, राज्य, मग विभाग अशी चढते. आग्नेय विभागाची स्पर्धा जॉर्जियातच, वॉर्नर रॉबिन्सला होते, आणि तिथला विजेता ऑगस्टमध्ये विल्यम्सपोर्टला जातो. अटलांटाच्या दक्षिणेकडच्या पीचट्री सिटीची पोरं २०१८ साली अशीच चढत चढत अमेरिकेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचली आणि हवाईकडून हरली. जॉर्जियातल्या शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडतात, त्यामुळे इतक्या वर पोचलेल्या पोरांची शाळा बुडते. कुणी तक्रार करत नाही म्हणा.

माझं मत विचाराल तर दहा वर्षांखालच्या पोरासाठी रेक आणि त्यावर ऑल-स्टार एवढं पुरेसं आहे. स्पर्धा खरी असते, खर्च आटोक्यात असतो आणि जुलैमध्ये भारतात यायला महिना मोकळा मिळतो. अडचण एकच : निवड. संघ निवडणारे बहुधा पालकच असतात आणि त्यांचीही पोरं रांगेत असतात. तिकडे याला ‘डॅडी बॉल’ असा खास शब्दच आहे. आपल्याकडे शब्द नसला तरी अनुभव आहे.

ट्रॅव्हल बॉल म्हणजे काय प्रकरण?

‘सिलेक्ट’, ‘एलिट’, ‘क्लब’, ‘ट्रॅव्हल’ ही सगळी एकाच गोष्टीची नावं. खासगी संस्था ट्रायआउट घेते, संघ बांधते, फी आकारते आणि शनिवार-रविवारच्या स्पर्धांमध्ये उतरवते. ईस्ट कॉब, विंडरची टीम एलिट, मॅरिएटाचे ६४३ डीपी कूगर्स ही अटलांटातली गाजलेली नावं. त्यांच्या खाली शेकडो लहान संघ, त्यातले कित्येक एका बाबांनी आणि एका व्हॅनने चालवलेले.

‘उन्हाळी टीम’ हा शब्द इथे फसवा आहे. हायस्कूलच्या पोरांसाठी तो बरोबर आहे. फेब्रुवारी ते मे ती शाळेकडून खेळतात आणि जून-जुलैत ट्रॅव्हल संघाकडून. पण चौदाच्या खालच्या पोरांची ट्रायआउट जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरचा फॉल मोसम, हिवाळ्यात इनडोअर सराव, मार्चपासून स्पर्धा आणि शेवट जुलैत. म्हणजे उन्हाळ्यासाठी सही करायला गेलात तर प्रत्यक्षात वर्षभराचा करार होतो. वर्षाला दोन-तीन हजार डॉलर ही अशा संघांत सर्रास ऐकू येणारी रक्कम. त्यात हॉटेल, पेट्रोल, मैदानाचं तिकीट, खासगी कोचिंग धरलेलं नसतं. काही स्पर्धांत आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहायची अट असते. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत अमेरिकेतलं सरासरी कुटुंब मुलाच्या मुख्य खेळावर वर्षाला १,०१६ डॉलर खर्च करतं असं दिसलं, २०१९ पेक्षा ४६ टक्के जास्त. आणि ही सगळ्या खेळांची, सगळ्या पातळ्यांची सरासरी आहे.

नावाला भुलायचं कारण नाही. मोठ्या संस्थेचे एकाच वयोगटात तीन-चार संघ असतात, कुणाच्या नावापुढे रंग, कुणापुढे कोचचं आडनाव. जर्सीवरचा लोगो सारखाच, पण पहिला संघ देशभर खेळतो आणि चौथा संघ जवळच्याच मैदानावर. फी मात्र बरीचशी सारखी. कधीकधी चौथ्या संघाच्या फीवर पहिल्या संघाचा प्रवास चालतो, असं पालक उघड बोलतात. त्यामुळे ‘कुठल्या संस्थेत?’ यापेक्षा ‘कुठल्या संघात, कुठल्या कोचकडे?’ हा प्रश्न कामाचा.

स्पर्धेचा दर्जाही असाच तपासावा लागतो. फ्लोरिडात मुख्यालय असलेल्या यूएसएसएसए या संस्थेत संघांचे वर्ग पाडलेले असतात : ए, डबल ए, ट्रिपल ए, त्यावर मेजर. एखादा संघ आठ चषक जिंकून आला असेल, तर ते कुठल्या वर्गात जिंकले हे विचारायचं. खालच्या वर्गात राहून कप गोळा करणारे संघ असतात. उलट, वरच्या वर्गात उतरून दर शनिवारी पंधरा धावांनी हरणारेही असतात. दोन्हींत पोरगं फारसं शिकत नाही.

मैदान बदलतं, बॅट बदलते

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण क्रिकेट बघून मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांना तो नक्की लागतो. क्रिकेटची खेळपट्टी साधारण बारा-तेराव्या वर्षापासून २२ यार्डांचीच. बेसबॉलचं मैदान पोराबरोबर वाढत जातं. लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंत पिचर ४६ फुटांवरून फेकतो आणि बेसमधलं अंतर ६० फूट. चेंडू फलंदाजापर्यंत पोचेपर्यंत धावणाऱ्याने बेस सोडायचा नाही. ट्रॅव्हलमध्ये अकरा-बाराची पोरं ५० आणि ७० फुटांवर खेळतात आणि बेस सोडून पुढे सरकायची मुभा असते. म्हणजे पिचरला मागे वळून धावणाऱ्याला रोखायची कला शिकावी लागते, कॅचरला लांब फेकावं लागतं. हायस्कूलला पोचेपर्यंत हे अंतर ६० फूट ६ इंच आणि ९० फूट होतं. नुसत्या रेकमधून आलेलं पोरगं तेराव्या वर्षी एकदम मोठ्या मैदानावर उतरलं की काही महिने गांगरतं. ट्रॅव्हलच्या बाजूने हा एक प्रामाणिक मुद्दा आहे.

बॅटचं तर विचारूच नका. १ जानेवारी २०१८ पासून लिटल लीगसह बऱ्याच संस्थांमध्ये ‘यूएसए बेसबॉल’ असा शिक्का असलेलीच बॅट चालते. ती मुद्दाम लाकडी बॅटच्या जवळ जाईल अशी बनवलेली असते. यूएसएसएसए शिक्क्याच्या बॅटमधून चेंडू जास्त उसळतो आणि ती लिटल लीगमध्ये चालत नाही. चांगली बॅट तीनशे-चारशे डॉलरला पडते. ऑल-स्टार आणि ट्रॅव्हल दोन्ही खेळणाऱ्या पोराच्या घरी म्हणूनच दोन बॅट असतात, आणि सहा महिन्यांत दोन्ही लहान पडतात.

कोपराचा हिशेब

आतापर्यंत पैशांबद्दल आणि वेळेबद्दल बोललो. ते दोन्ही परत कमावता येतात. पिचिंग करणाऱ्या पोराचं कोपर मात्र एकच असतं, उजवं किंवा डावं.

१९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरातला तुटलेला लिगामेंट शरीरातल्याच दुसऱ्या स्नायुबंधाने बदलला. तो १९७६ साली परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. तेव्हापासून त्या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. एकेकाळी ती तिशीतल्या व्यावसायिकांची शस्त्रक्रिया होती. आता हायस्कूलची पोरं ती करून घेतात.

असं का, याची उत्तरं बरीच मिळाली आहेत. अलाबामातल्या बर्मिंगहॅम इथल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षात आठ महिन्यांपेक्षा जास्त पिचिंग करणाऱ्या किशोरांना शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट दिसली. हात थकलेला असतानाही नेहमी पिचिंग करणाऱ्यांत ती ३६ पट होती. २०११ साली आलेल्या त्यांच्याच दहा वर्षांच्या अभ्यासात, वर्षाला १०० पेक्षा जास्त इनिंग टाकणाऱ्या पोरांत गंभीर दुखापत साडेतीनपट आढळली.

याच आधारावर मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ साली ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शक तत्त्वं काढली. ९-१० वर्षांच्या पोराने दिवसात जास्तीत जास्त ७५ चेंडू टाकावेत, ११-१२ च्या पोराने ८५, १३-१४ च्या पोराने ९५. चौदापर्यंतच्या पोराने ६६ किंवा अधिक चेंडू टाकले तर चार दिवस पूर्ण विश्रांती. बारापर्यंतच्या पोरांनी वर्षातले किमान चार महिने स्पर्धेत पिचिंग करायचं नाही आणि त्यातले सलग दोन-तीन महिने डोक्यावरून जोरात फेकायचंच नाही. पिचिंग केलेल्या सामन्यात पुढे कॅचर म्हणूनही बसायचं नाही.

आता हे नियम अटलांटातल्या एका वीकेंडला लावून बघा. शनिवारी सकाळी गटातला सामना, पोराने ७० चेंडू टाकले. संघ पुढे गेला. रविवारी बाद फेरी, एका दिवसात तीन सामने, आणि शेवटच्या सामन्यात पिचर संपलेत. पिच स्मार्टनुसार हे पोरगं गुरुवारपर्यंत चेंडूला हात लावणार नाही. पण नियम कुणाचा चालतो? लिटल लीगमध्ये चेंडू मोजणं सक्तीचं आहे. यूएसएसएसएचे नियम मात्र अनेक वर्षं चेंडू न मोजता इनिंग मोजत आले. इनिंग नऊ चेंडूंतही संपते आणि चाळीस चेंडूंतही. कागदावर दोन्ही सारख्याच.

त्याहून मोठं भोक वेगळंच आहे. पोरगं मंगळवारी ऑल-स्टारसाठी फेकतं, शनिवारी ट्रॅव्हल संघासाठी, बुधवारी खासगी कोचकडे, आणि रविवारी दुसऱ्याच संघाचा ‘गेस्ट प्लेअर’ म्हणून. प्रत्येक कोच आपापले चेंडू अगदी प्रामाणिकपणे मोजतो. बेरीज कुणीच करत नाही. ती करायची कुणी? घरच्यांनी. फ्रिजवर एक कागद चिकटवायचा : तारीख, चेंडू, पुढे कधी टाकायचं. कोचने तो बघायला नकार दिला, तर त्या कोचबद्दल जे कळायचं ते कळलं.

डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने पिचर्सच्या दुखापतींवर स्वतःचा अहवाल काढला. वेगाच्या मागे धावणं हे त्यात मोठं कारण म्हणून आलं, आणि ही धाव हौशी पोरांच्या स्पर्धांतच सुरू होते हेही. स्पर्धांत मैदानाच्या मागे रडार गन घेऊन बसलेली माणसं आणि ट्विटरवर टाकलेले वेगाचे आकडे बघितले की ते पटतं.

‘कॉलेजचे कोच बघायला येतात’

ट्रॅव्हल संघांची ही सगळ्यात मोठी जाहिरात. सोळा-सतराच्या गटात ती बऱ्यापैकी खरी आहे. कॉलेजचे कोच जुलैत अटलांटात येतात, कारण एकाच ठिकाणी शेकडो पोरं बघायला मिळतात. पण दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या पालकांना कुणी हे सांगत असेल तर हसून पुढे जावं. २०२३ पासून एनसीएएचा नियम आहे की डिव्हिजन १ चे बेसबॉल कोच पोराच्या अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत त्याच्याशी भरतीबद्दल बोलूच शकत नाहीत.

आकडेही थंड डोक्याने बघावेत. हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळणाऱ्या शंभरातली सात-आठ पोरं एनसीएएच्या कुठल्या तरी पातळीवर पोचतात, डिव्हिजन १ ला जेमतेम दोन. आणि बेसबॉलची शिष्यवृत्ती अनेकदा तुकड्यांत मिळते. वर्षानुवर्षं डिव्हिजन १ च्या अख्ख्या संघाला ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, ती पोरांत वाटली जायची. २०२५ च्या तडजोडीनंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांना ती मर्यादा राहिली नाही, पण संघ ३४ जणांचा झाला. जागा वाढल्या नाहीत. मेजर लीगचा ड्राफ्टही ४० वरून २० फेऱ्यांवर आलाय. फीची वसुली शिष्यवृत्तीतून होईल असा हिशेब मांडणाऱ्याने तेच पैसे सरळ बँकेत ठेवलेले बरे.

पैसे नसलेल्यांचं काय? मेजर लीगचा आरबीआय हा कार्यक्रम १९८९ पासून शहरांच्या गरीब वस्त्यांत चालतो. अटलांटात मार्कीस ग्रिसमची संस्थाही आहे. १९९५ च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा झेल घेऊन ब्रेव्ह्जना विजेते करणारा हा ग्रिसम. अशा संस्थांतून चांगले खेळाडू घडतात, पण जुलैतल्या मोठ्या स्पर्धांत प्रवासाचा खर्च त्यांना कुणीतरी पुरस्कर्ता गाठूनच करावा लागतो.

मग ट्रायआउटला जाऊन विचारायचं काय?

मागच्या वर्षी या संघातली किती पोरं टिकली, हा पहिला प्रश्न. अकरापैकी सात सोडून गेली असतील तर कारण बहुधा कोच असतो. यादीत किती पोरं घेणार? अकरा-बारा ठीक, चौदा म्हणजे पाच जण बाकावर. कोचचं स्वतःचं पोरगं संघात आहे का? असलं तर लगेच वाईट नाही, पण ते कुठल्या जागी खेळतं तीच जागा आपल्या पोराची नसावी. पिचर किती आहेत? तीनच असतील तर रविवारचं गणित वर सांगितलंच. मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्यावं. आणि शक्य असेल तर ट्रायआउटच्या आधी त्या संघाचा एक सामना आपली ओळख न सांगता बघून यावा. पोराने झेल सोडल्यावर कोच काय करतो एवढंच बघायचं.

जुलैत जाणार असाल तर पाणी, टोपी आणि छत्री घ्या. दुपारी ३२ अंशांची दमट उकाड आणि चारच्या सुमाराला गडगडाट. वीज दिसली किंवा ढग गडगडले की खेळ थांबतो आणि शेवटच्या गडगडाटापासून ३० मिनिटं मोजली जातात. पुन्हा गडगडलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. गाडीत बसून पोहे संपवायला एवढा वेळ पुरतो.